त्वचेचे वय



या व्यासपीठावर इतिहास झाला, संतवाङ्मय झाले, अर्थकारणही झाले. आज एक डॉक्टर सुरकुत्यांवर बोलणार हे फलकावर वाचून काही मंडळी गालातल्या गालात हसली असतील. हसताना गालावर जी रेघ उमटते तिच्यापासूनच मी सुरुवात करणार आहे, तेव्हा तक्रार नाही. माझ्या दवाखान्यात रोज कोणी ना कोणी आरसा पाहून घाबरलेले माणूस येते. त्यात बायका असतात तसे पुरुषही असतात. पुरुष फक्त "सहज आलो होतो" असे म्हणतात.

आपले गाव किरणांचे आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो. मावळतीचे ऊन महाद्वारातून आत शिरते आणि रोज थोडे थोडे चढत देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत पोचते. आपण हात जोडून ते पाहतो. एक डॉक्टर म्हणून त्या वेळी माझ्या मनात येते की, देवीने आपल्यासाठी ऊनही किती निवडून घेतले आहे! मावळतीची किरणे तिरकी येतात, वातावरणाच्या जाड थरातून गाळून येतात, आणि कातडीला जाळणारा त्यांतला भाग जवळजवळ सगळा वाटेतच अडतो. आपल्या वाट्याला मात्र दुपारी बाराचे ऊन येते. कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला पावणेसतरा अंशांच्या आसपास आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी भर दुपारी बिंदू चौकात उभे राहिलात तर आपली सावली पायाखाली लपते, कारण सूर्य अगदी डोक्यावर असतो. तसाच तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही येतो. तेव्हा ढग असतात म्हणून आपल्या लक्षात येत नाही इतकेच. यावरून एक सोपे माप मी सर्वांना सांगत असतो, त्याला घड्याळ लागत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड आहे तोवर ऊन तिखट आहे. सावली लांबली की ते निवळले.

आता त्वचेच्या वयाकडे येतो. माणसाचे वय जन्मपत्रिकेवरून काढतात. त्वचेची वये मात्र एकाच अंगावर दोन-तीन असतात. पुराव्यासाठी कुठे जायला नको. घरी गेल्यावर दंडाची आतली, बगलेकडची बाजू पाहा आणि शेजारी आपल्याच हाताचा पालथा पंजा धरा. दोन्ही कातड्या एकाच दिवशी जन्मल्या, एकाच अन्नावर वाढल्या. तरी एक मऊ, एकसारख्या रंगाची, आणि दुसरी कोरडी, ठिपक्यांची. पायातली कोल्हापुरी चप्पल काढून पाहिलीत तर पट्ट्याखालची जागा वेगळीच दिसेल. आजीच्या हातातल्या बांगड्या जरा वर सरकवा, तिथेही तेच दिसेल. आमच्या गावातल्या तालमींत म्हातारे पैलवान भेटतात. साठी उलटली तरी त्यांची पाठ कशी तुकतुकीत असते, आणि चेहरा मात्र नांगरलेल्या रानासारखा! लोक म्हणतात, लाल मातीचा आणि तेलाचा गुण. असेलही थोडा. परंतु मला वाटते मोठा गुण छपराचा. पहाटेची मेहनत तालमीच्या छपराखाली होते, पाठीला ऊन लागत नाही. चेहरा मग दिवसभर शेतात असतो.

हे निरीक्षण माझे एकट्याचे नाही आणि नवेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हँबुर्गच्या उन्ना नावाच्या त्वचातज्ज्ञाने खलाशांच्या चेहऱ्यावरचे असेच बदल नोंदवले, आणि त्याच सुमारास फ्रान्समध्ये द्युब्रेय याने बोर्दोच्या द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचे. दोघांनीही बोट उन्हाकडे दाखवले. २०१२ साली अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एका गृहस्थाचा फोटो आला होता. वय ६९, अठ्ठावीस वर्षे मालाचा ट्रक चालवलेला. त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेल अशी, आणि डावी जाड, खोल सुरकुत्यांची, लोंबणारी. तिकडे चालक डावीकडे बसतो, खिडकी त्या बाजूला. आपल्याकडे तो उजवीकडे बसतो, तेव्हा आपल्या चालक बांधवांनी उजवा गाल आरशात नीट पाहावा.

खिडकीला काच असतानाही हे कसे होते? उन्हातल्या अतिनील किरणांच्या दोन जाती आपल्यापर्यंत पोचतात. त्यांना अ आणि ब म्हणू. ब जातीचे किरण वरच्या कातडीत थांबतात, तिला भाजतात, रापवतात. काच त्यांना बहुतेक अडवते. अ जातीचे किरण भाजत नाहीत, म्हणून कळतच नाहीत. ते काचेतून आणि पातळ ढगांतून सहज येतात आणि कातडीत खोल उतरतात. तिथे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे दोर विणलेले असतात, शिवाय ताण दिल्यावर परत जागेवर येणारे इलॅस्टिनचे धागे असतात. बाजेच्या सुतळीसारखी ही वीण आहे. ऊन लागले की हे दोर कुरतडणारी द्रव्ये पेशींमध्येच तयार होतात. रोज थोडी सुतळी तुटते, शरीर थोडी नवी वळते. पण वय वाढेल तसे वळणे मंदावते आणि तुटणे चालूच राहते. बाजेला मध्ये झोळ येतो, तशी कातडी सैल पडते. बायकांमध्ये पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही झीज एकदम वाढते. पुष्कळ भगिनी मला सांगतात की दोन वर्षांत चेहरा उतरला. त्यांचा तो भास नसतो.

आता आपल्या वर्णाविषयी. सावळ्या कातडीत रंगद्रव्य अधिक असते आणि त्याचे कण पेशीच्या केंद्रावर छत्रीसारखे बसतात. ही आयती छत्री आपल्याला मिळाली आहे, म्हणून सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा आपल्याला पुष्कळ उशिरा पडतात. पण म्हातारपणाची चाहूल आपल्याला नाही असे नव्हे. ती आपल्याकडे दुसऱ्या वेषात येते. सुरकुतीच्या आधी डाग येतात. आणि सुरकुत्या शोधत बसल्यामुळे डागांची जात आपण ओळखत नाही, हीच आजची मुख्य गोष्ट आहे.

तिशी-पस्तिशीत गालाच्या उंचवट्यावर, कपाळावर, ओठांच्या वर तपकिरी सावली पडते. तिला आपण वांग म्हणतो. बाळंतपणानंतर बायकांना ते अधिक येते, ऊन आणि चुलीची धग त्याला वाढवते. डोळ्यांखाली काळसरपणा येतो. गालांवर आणि मानेवर बारीक काळे दाणे येतात. ते निरुपद्रवी असतात, पुष्कळदा आईकडून किंवा वडिलांकडून आलेले असतात, त्यांना चुना किंवा आम्ल लावून जाळू नये. चाळिशीच्या पुढे नडगीवर आणि हातांवर मसुराएवढे किंवा त्याहूनही लहान पांढरे ठिपके दिसू लागतात. हे दिसले की घराला घोर लागतो, कारण मनात पहिला शब्द येतो तो कोड. मंडळी, हे ठिपके म्हणजे कोड नव्हे. ते वाढून एकमेकांत मिसळत नाहीत, संसर्गाने लागत नाहीत. वय आणि ऊन यांनी रंग बनवणाऱ्या पेशी जागोजागी थकतात, इतकेच. (कोड हाही संसर्गजन्य रोग नव्हे, हे जाता जाता सांगून ठेवतो. त्यावरून सोयरिकी मोडणाऱ्यांनी ते घरी जाऊन सांगावे.)

सगळेच डाग मात्र वयाचे नसतात. मानेवर, काखेत मखमलीसारखी काळी, जाडसर कातडी दिसली तर ती घासून निघणार नाही. तिथे साबण बाजूला ठेवून रक्तातली साखर तपासावी. अंग एकाएकी फार कोरडे पडले, केस गळू लागले, थंडी सोसवेना, तर थायरॉइड ग्रंथी पाहून घ्यावी. एखादा तीळ आकार किंवा रंग बदलू लागला, एखादी जखम महिनाभरात भरली नाही, तळपायावर किंवा नखाखाली नवा काळा पट्टा आला, तर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे.

उन्हाच्या जोडीला धूर आणि धग आहेत. तंबाखूच्या धुराने ओठांभोवती रेघा लवकर पडतात, हे ठाऊक असूनही ओढणारे ओढतात. त्यांच्याबद्दल जास्त बोलत नाही. चुलीच्या धुराबद्दल बोललेच पाहिजे. लाकूडफाट्यावर स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या अधिक दिसतात असे चीनमधल्या पाहणीत आढळले आहे, आणि जर्मनीतल्या एका पाहणीत हवेतली काजळी आणि गालांवरचे डाग यांचा संबंध दिसला. आपल्या जिल्ह्यात तर हंगाम लागला की गुऱ्हाळे पेटतात. काहिलीवर वाकलेला गुळव्या आणि चुलवाणात चिपाड सारणारा माणूस यांच्या अंगाला धग आणि धूर दोन्ही बसतात. गुळाची चव आपण नावाजतो, त्या माणसाची कातडी पाहत नाही.

मीही पाहत नव्हतो. वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत घरी आलो होतो. माझी आत्ती कपिलतीर्थ मंडईच्या बाहेर रस्त्यावर भाजी घेऊन बसायची. मी नव्या विद्येच्या तोऱ्यात म्हणालो, "आत्ती, तू पंचेचाळिशीची आहेस, पण साठीची दिसतेस." तिने पाट्यांवर ओले पोते सारखे केले आणि म्हणाली, "भाजी सावलीत ठेवायला लागती रं, न्हाईतर कोमेजती. मी बसतो उन्हात." तिच्याजवळ एकच छत्री होती आणि ती मेथीवर धरलेली होती. मी पुढे त्वचारोगांचा अभ्यास केला त्याला हे एक कारण असावे, असे आता वाटते.

म्हणून उपाय सांगताना मी दुकानापासून सुरुवात करीत नाही, कापडापासून करतो. आपल्या बायकांचा डोक्यावरचा पदर आणि आपल्या म्हाताऱ्यांचा फेटा यांनी पिढ्यान् पिढ्या कपाळ आणि मान राखली. पदराची सक्ती गेली हे चांगलेच झाले. सावली गेली हे मात्र नुकसान. अलीकडे मुली दुचाकीवर स्कार्फने चेहरा गुंडाळून जातात, त्यांची आपण थट्टा करतो. मी करीत नाही. घट्ट विणीचे सुती कापड कोणत्याही मलमापेक्षा स्वस्त आहे आणि ते घामाने वाहून जात नाही. शेतावर जाणाऱ्याने पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. ऊसतोडीच्या बायका साडीवर पुरुषाचा सदरा चढवतात, त्यात त्यांचे शहाणपण आहे. मंडईत बसणाऱ्यांना छप्पर देणे हे मात्र डॉक्टरांच्या हातचे काम नाही, ते आपणा नगरवासीयांचे आहे.

ऊनरोधक मलमांबद्दल लोक विचारतात की हे सगळे कंपन्यांचे खूळ आहे काय. नाही, खूळ नाही. ऑस्ट्रेलियात नंबूर नावाच्या गावी १९९२ ते १९९६ या काळात नऊशेहून अधिक लोकांवर याची परीक्षा झाली. काहींना रोज मलम लावायला सांगितले, काहींना मर्जीप्रमाणे. हातावरच्या कातडीचे ठसे घेऊन ताडून पाहिले तेव्हा रोज लावणाऱ्यांची त्वचा चोवीस टक्क्यांनी कमी जुनी झालेली आढळली. तेव्हा परवडत असेल त्याने जरूर लावावे. मात्र आपण ते अत्तरासारखे टिपून लावतो, त्याचा उपयोग नाही. तर्जनी आणि मधले बोट यांवर लांबीभर पट्टी काढली तर चेहरा आणि मान यांना पुरते, आणि उन्हात राहायचे असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे लागते. वेष्टनावर संरक्षणाचा आकडा तीस असला की पुरे. तो ब किरणांपैकी जवळजवळ सत्त्याण्णव टक्के अडवतो. पन्नास आणि शंभर यांच्यामागे पैसे घालवू नयेत. अ किरणांपासूनही संरक्षण मिळते असे लिहिले आहे का, ते पाहावे. वांग असेल तर साधे मलमही पुरत नाही, कारण डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग गडद करतो. त्यासाठी लोहाच्या भुकटीने रंग दिलेली मलमे असतात, किंवा पुन्हा आपले कापड.

कोरडेपणाला नवे काही लागत नाही. साबण अल्कधर्मी असतो आणि आपली कातडी किंचित आम्ल, म्हणून तो दिवसातून एकदा, काखा-जांघांपुरता वापरला तरी चालतो. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल चोळावे. सुकल्यावर लावलेले तेल वरच राहते, ओल्यावर लावलेले पाणी धरून ठेवते. लिंबू मात्र चेहऱ्यावर चोळू नये. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडी भाजते आणि महिनोन् महिने काळी राहते. सरबताच्या गाड्यावरच्या पोरांचे हात पाहिलेत तर पटेल.

झालेली झीज थोडी तरी भरून काढणारे औषध आहे का? आहे. अ जीवनसत्त्वाच्या कुळातले ट्रेटिनॉइन. १९८६ साली अमेरिकेतल्या क्लिगमन यांनी दाखवून दिले की ते महिनोन् महिने लावल्यास उन्हाने बिघडलेल्या कातडीत नवे कोलॅजन तयार होते. रात्री, वाटाण्याएवढे, सगळ्या चेहऱ्याला पुरवून. पहिले काही आठवडे आग होते, सालपटे निघतात. गरोदर बाईने ते वापरायचे नाही. गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात. इथेच आपले लोक सुटतात. सहा महिने कोणाला थांबायचे नसते.

ज्याला थांबायचे नसते त्याच्यासाठी बाजारात दुसरी एक ट्यूब असते, आणि तिच्याबद्दल सांगण्यासाठी मी आज आलो आहे.

याच क्लिगमन यांनी विलिस यांच्यासह १९७५ साली वांगासाठी एक मिश्रण सुचवले होते. त्यात डाग फिकट करणारे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि आग होऊ नये म्हणून थोडे स्टेरॉइड होते. डॉक्टरच्या नजरेखाली, काही आठवड्यांपुरते ते उपयोगी आहे. आपल्याकडे त्याच घाटाची मलमे, अधिक तीव्र स्टेरॉइड घालून, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय सर्रास गेली. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो, गुळगुळीत होतो, शेजारीण नाव विचारते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून कातडी पातळ होऊ लागते, लाल शिरा दिसतात, मुरुम येतात, मुलींच्या गालांवर लव वाढते. मलम थांबवले की आग होते, म्हणून पुन्हा लावतात. उन्हाला वीस वर्षे लागतात ते काम ही ट्यूब एका वर्षात करते. २०११ साली देशातल्या बारा केंद्रांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. २०१८ साली सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम आहे. परंतु घरातल्या कपाटातली जुनी ट्यूब नियमाला विचारीत नाही.

दुसरा प्रकार याहून भयंकर आहे. काही बिननावाच्या गोरे करणाऱ्या क्रीममध्ये पारा असतो. कायद्याने सौंदर्यप्रसाधनात पारा घालता येत नाही. नकळत आलेला अंशही दहा लाख भागांत एकाहून जास्त असता कामा नये. तरीही २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आपण वृत्तपत्रांत वाचली असेल. एका घरातल्या आई आणि दोन मुली असे क्रीम लावत होत्या. तिघींच्या मूत्रपिंडांना विकार जडला, आणि मुंबईत तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. ज्या डब्यावर कारखान्याचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही, तो डबा चेहऱ्याजवळ नेऊ नये.

दोन वर्षांमागे करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातून एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी बावीस-तेवीसची, शेतात राबणारी, गालांवर वांगाची नुकती सुरुवात. आई म्हणाली, "डॉक्टर, सोयरीक ठरलीया. दीड महिन्यात चेहरा उजळून द्या." मी सहा महिने, कापड, मलम, धीर असे सगळे समजावले. त्या दोघी मान हलवून गेल्या त्या आल्याच नाहीत. आठ महिन्यांनी मुलगी एकटी आली. चेहरा टोमॅटोसारखा लाल, हनुवटीवर लव, उन्हात दोन मिनिटे उभे राहवत नव्हते. पिशवीतून तिने सहा रिकाम्या ट्यूबा काढून टेबलावर ओळीने ठेवल्या. मला राग आला, पण तो कोणावर काढणार? माझ्याजवळ सहा महिने होते आणि तिच्याजवळ दीडच होता. पहिल्या भेटीत मी त्या आईला एवढेच सांगायला हवे होते की हा रोग नव्हे, हे ऊन आहे, आणि मुलगी आहे तशीच चांगली आहे. मी औषधाच्या वेळा सांगत बसलो.

अशी ट्यूब कोणी लावत असेल तर ती आज रात्रीच फेकून देऊ नये. एकदम थांबवले की चेहरा भडकतो. डॉक्टरांकडे न्यावी, हळूहळू उतरवावी लागते. त्या मुलीला सव्वा वर्ष लागले. आग गेली, लव गेली. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या लाल शिरा राहिल्या आहेत, त्या बहुधा राहतील. सोयरीक मोडली नाही; नवऱ्याला वांगाचे काहीच नव्हते, असे तिने मला हसत सांगितले. आता ती शेतावर जाताना डोक्याला टॉवेल बांधून वर पदर घेते, आणि सासूलाही घ्यायला लावते.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. वेळ थोडा उरला आहे तो आपल्या प्रश्नांना देतो. ज्यांना सर्वांसमोर विचारायचे नसेल त्यांनी चिठ्ठी पाठवावी, नाव लिहिण्याची गरज नाही.